हरणाच्या जखमेतली आसडी : ओळख पटायला लागलेला काळ

पावसाळा सरताना यावल अभयारण्याच्या कडेला एखादं सांबर कळपामागे रेंगाळताना दिसतं. एकसारखा कान झटकतं, माणूस जवळ आला तरी लांब पळत नाही, आणि वारा आपल्या दिशेने असला तर कुजका वास आधी येतो. गुराखी लगेच ओळखतात : आसडी पडली, म्हणजे जखमेत अळ्या झाल्या.

दुखणं जुनंच. माश्या जखमेवर बसून कृमी टाकतात, हे सुश्रुतसंहितेत स्पष्ट आहे. जखमेवर मांसाचा तुकडा झाकून कृमी ओढून काढायचा उपायही तिथे दिला आहे. सातपुड्यात आजही सीताफळाचा पाला वाटून जखमेत भरतात. अडचण उपायाची नव्हती, माशी ओळखण्याची होती. मढ्यावर घोंघावणारी हिरवी माशीच जखमेत अळ्या घालते, असंच सगळे धरून चालले होते.

१९१४ मध्ये व्हिलनव या फ्रेंच अभ्यासकाने क्रायसोमिया बेझियाना या, आसडीला कारण असलेल्या माशीचं वर्णन केलं. पुढे मद्रासच्या किंग इन्स्टिट्यूटमध्ये काम केलेल्या पॅटन यांनी भारतातल्या या माश्यांचा बारकाईने अभ्यास केला. या माशीची अळी फक्त जिवंत मांसावर वाढते, मढ्यावर नाही, हा त्यातला कळीचा मुद्दा. याच पॅटननी कुशिंग यांच्यासोबत १९३३ मध्ये अमेरिकेतली जिवंत मांस खाणारी माशी आणि मढ्यावरची माशी वेगळ्या असल्याचं दाखवलं. मेलेल्या हरणाच्या अंगावरच्या अळ्या बघून कारण ठरवणं म्हणूनच चुकतं. जनावर मेल्यावर दुसऱ्याच माश्या तिथे जमतात.

मादी जखमेच्या कोरड्या काठावर दीड-दोनशे अंडी कौलासारखी चिकटवून रचते. दिवसभरात अळ्या निघतात आणि डोकं खाली, श्वासाची शेपटी वर अशा दाटीने मांसात उभ्या घुसतात. अंगावर काट्यांची वेटोळी असतात, त्यामुळे ओढली की अळी आणखी खोल रुतते. सहा-सात दिवसांनी ती जमिनीवर पडते, मातीत कोष करते आणि उबेत आठवड्याभरात माशी होऊन उडते. झुंजीतली शिंगाची जखम, गोचिडाचा चावा, कुत्र्याचा दात, तारेचा ओरखडा, पाडसाची ओली नाळ, यातली कोणतीही वाट तिला पुरते.

जिवंत मांस खाणाऱ्या माशीचा हरणांवर किती मोठा घाव पडतो, ते अमेरिकेतल्या जातीवरून दिसलं. निपलिंग आणि बुशलँड या अमेरिकी शास्त्रज्ञांनी नर माश्या किरणांनी वांझ करून सोडायची पद्धत काढली. मादी एकदाच संग करते, त्यामुळे वांझ नर मिळाला की तिची अंडी फुकट जातात. १९५४ मध्ये कुरासाओ बेटावर ही पद्धत सिद्ध झाली. तरी २०१६ मध्ये फ्लोरिडाच्या बेटांवरच्या ‘की डिअर’ या दुर्मिळ हरणांत माशी परतली आणि १३५ हरणं दगावली. त्यांत बरेचसे झुंजीत जखमी झालेले नर होते. पावात डोरामेक्टिन हे अळ्या मारणारं औषध घालून हरणांना चारलं गेलं, वांझ माश्या सोडल्या गेल्या, आणि मार्च २०१७ मध्ये साथ संपल्याचं जाहीर झालं.

खानदेशातली माशी वेगळ्या जातीची, आणि इथे वांझ माश्यांचा पुरवठा नाही. सातपुड्यातल्या सांबराला पाव चारणंही शक्य नाही. त्यामुळे आमच्या मते खरी लढाई गोठ्यातच आहे. जू लागून बैलाच्या मानेला पडलेली जखम, खच्चीकरणाचा घाव, वासराची नाळ : रानालगतच्या गावात यांतून निघालेली प्रत्येक माशी सांबराच्याही वाट्याला येते.

टर्पेंटाइनमध्ये भिजवलेला कापूस जखमेत पाच-दहा मिनिटं दाबून ठेवावा. हवा कोंडली की अळ्या वर येतात, मग चिमट्याने सगळ्या काढाव्यात. निव्वळ फिनेल ओतलं तर मांस भाजतं आणि खोल मेलेल्या अळ्या आत सडतात. दुसऱ्या दिवशी जखम पुन्हा तपासावीच. आयव्हरमेक्टिन या अळ्या मारणाऱ्या औषधाचं १ टक्का द्रावण ५० किलो वजनाला १ मिली, कातडीखाली. दुभत्या जनावराला डॉक्टरांना विचारूनच. काढलेल्या अळ्या अंगणात फेकल्या की तिथेच कोष होतात, म्हणून त्या उकळत्या पाण्यात टाकाव्यात.

जखमी हरणाच्या मागे धावू नये, धावपळीच्या ताणानेच ते दगावतं. वनविभागाच्या ‘हॅलो फॉरेस्ट’ हेल्पलाइनला १९२६ या क्रमांकावर कळवावं. वनविभागाच्या डॉक्टरांनी पकडल्यावर, माशीची जात ओळखण्यासाठी जखमेच्या तळातल्या, पूर्ण वाढलेल्या चार-सहा अळ्या गरम पाण्यात मारून ८० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवाव्यात. काठावरच्या घेतल्या तर मागून आलेल्या दुसऱ्या माशीच्या निघण्याची शक्यता असते.