हाताने ११२ लावणं आणि पॉवर बटणाने ११२ लावणं: भोंगा नेमका कधी वाजतो?

‘फोन सायलेंटवर टाका, पॉवर बटण पटापट पाच वेळा दाबा, शेजारच्यालाही कळणार नाही.’ महिलांच्या सुरक्षेच्या नावाने फिरणाऱ्या सल्ल्यांमध्ये हे वाक्य दिसलं की धडकी भरते. सायलेंटवर टाकलेला फोनही त्या पाच दाबांनंतर मोठ्याने कोकलू शकतो, आणि नेमका त्याच खोलीत मारहाण करणारा माणूस बसलेला असू शकतो.

हाताने ११२, म्हणजे आपत्कालीन मदतीचा नंबर, लावायला कुणाला शिकवावं लागत नाही. डायलर उघडायचा, तीन आकडे, हिरवं बटण. फोन लॉक असेल तर लॉक स्क्रीनवरच्या ‘इमर्जन्सी’वरून. इथे ऐकू येतो तो कीपॅडचा टिकटिकाट, आणि मूळ (फोन कंपनीने बदल न केलेल्या) अँड्रॉइडच्या डायलरमध्ये फोन सायलेंट किंवा व्हायब्रेटवर असला की तो वाजतच नाही. भोंगा नाही, काउंटडाउन नाही, कॉल थेट लागतो. फक्त पलीकडचा आवाज बाहेर फुटू नये म्हणून स्पीकर बंद ठेवायचा आणि बोलणं सुरू झालं की आवाज कमी करायचा.

पॉवर बटणाचं ‘इमर्जन्सी एसओएस’ वेगळं वागतं. २०२१ च्या अँड्रॉइड १२ पासून हे बहुतेक फोनमध्ये आहे. पाच वेळा दाबलं की कॉल लगेच लागत नाही, आधी काही सेकंदांचं काउंटडाउन चालतं. त्या वेळात भोंगा वाजतो तो मुद्दाम. बटण खिशात चुकून दाबलं गेलं असेल तर तुमच्या लक्षात यावं आणि तुम्ही रद्द करावं, एवढ्यासाठीच तो आहे. गजराच्या जातीचा हा आवाज असल्यामुळे रिंगर बंद केल्याने तो बंद होत नाही. सगळा घोळ इथेच होतो: सायलेंट मोड कीपॅड गप्प करतो, हा भोंगा गप्प करत नाही. तो बंद करायची सोय स्वतंत्र आहे. सेटिंग्जमध्ये ‘सेफ्टी अँड इमर्जन्सी’, त्यात ‘इमर्जन्सी एसओएस’, आणि आत काउंटडाउनच्या आवाजाचा पर्याय. कंपनीगणिक नाव थोडं बदलतं, म्हणून सेटिंग्जच्या शोधात ‘एसओएस’ टाकणं सोपं. फक्त आवाज बंद करा. अख्खं एसओएस बंद करून ‘झालं काम’ म्हणणाऱ्यांनी हातातलं साधनच काढून टाकलेलं असतं.

आयफोनवरही असंच आहे. काउंटडाउनचा इशारा सायलेंट मोड जुमानत नाही. आयओएस १६.३ पासून सेटिंग्जमधल्या ‘इमर्जन्सी एसओएस’च्या पानावर ‘कॉल क्वायटली’ आहे. ते चालू केलं की बटणं धरून किंवा पाच वेळा दाबून लावलेल्या कॉलचा भोंगा आणि फ्लॅश दोन्ही बंद राहतात. पानावर खाली असल्यामुळे ते सहज नजरेतून सुटतं.

काहीजण याच शोधात ‘इमर्जन्सी डायलिंग सिग्नल’ नावाच्या ओळीपर्यंत पोचतात आणि ती आपल्या फोनमध्ये का नाही म्हणून हैराण होतात. ती हाताने लावलेल्या आपत्कालीन कॉलसाठी आहे: शांत, टोन किंवा कंपन. मूळ अँड्रॉइडमध्ये ती फक्त सीडीएमए (जुन्या मोबाइल नेटवर्कचा एक प्रकार) फोनवर दिसते आणि भारतातली सीडीएमए सेवा केव्हाच बंद झाली. अमेरिकेतून आणलेल्या फोनवर ती दिसली तर ‘सायलेंट’ निवडा, पण तिने एसओएसचा भोंगा थांबत नाही.

सरकारकडून येणारा कर्कश्श ‘इमर्जन्सी अलर्ट’ ही तिसरीच गोष्ट. तो फोनकडे येतो, फोनमधून जात नाही. त्याचा राग एसओएसवर काढू नका, आणि पुराच्या तालुक्यात राहत असाल तर तो बंदही करू नका.

भोंगा सगळ्यांनीच बंद करावा असं मुळीच नाही. आजी-आजोबांच्या फोनवर तो चालूच हवा, कारण पिशवीत बटण दाबलं गेलं तर निदान त्यांना ऐकू येईल आणि ११२ ची लाइन उगाच अडणार नाही. घरातल्याच माणसाचा धोका असेल तिथे मात्र तो आजच बंद करावा. आणि अशा घरात हाताने लावलेला कॉलच जास्त भरवशाचा.

तपासायचं तर ११२ ला कॉल करून नको. अँड्रॉइडच्या एसओएसमध्ये कॉलचा नंबर बदलता येतो. तिथे घरच्या कुणाचा तरी नंबर टाका आणि मदत मागणारे बाकीचे पर्याय, म्हणजे ठावठिकाणा पाठवणं, तेवढ्यापुरते बंद करा. साध्या नंबरसाठी फोन अनलॉक असावा लागतो, म्हणून अनलॉक करून, फोन सायलेंटवर ठेवून, पाच वेळा दाबा आणि ऐका. मग ११२ परत टाका, बंद केलेले पर्याय चालू करा, आणि पान पुन्हा उघडून तिथे खरोखर ११२ दिसतंय ना ते बघा.