खालची कवळी का बसत नाही? झिजलेल्या जबड्यामागचा इतिहास

माझी मावशी ठाण्यात नौपाड्यात राहते. वरची कवळी ती दिवसभर वापरते, खालची मात्र ओट्यावर स्टीलच्या वाटीत पाण्यात पडून असते. घातली की हनुवटीपर्यंत कळ जाते म्हणते. नेरूळच्या एका डेंटल कॉलेजात काढलेला तिचा ओपीजी, म्हणजे सगळ्या जबड्याचा एक्स-रे, मी खिडकीशी धरून पाहिला. खालचा जबडा पेन्सिलीएवढा उरलाय, समोर जेमतेम 6 मिमी. ओठाकडे जाणारी नस हाडाच्या कुशीतून बाहेर पडायची, ती आता हिरडीच्या लगेच खाली आलीय आणि कवळी नेमकी तिच्यावर दाबते.

दात असताना चावण्याचा ताण मुळांतून हाडात उतरतो. दात गेले की हाडाला ते काम उरत नाही आणि ते विरत जातं. दंतसंशोधक टाल्ग्रेन यांनी कवळी वापरणाऱ्यांचा 25 वर्षं मागोवा घेऊन 1972 मध्ये दाखवलं की पुढच्या भागातली ही झीज वरच्यापेक्षा खालच्या जबड्यात सुमारे चौपट असते.

हाड कमी पडतंय तर हाड लावा, हा विचार जुनाच. पहिल्या महायुद्धात गोळ्यांनी फुटलेले जबडे कमरेच्या हाडाचे तुकडे लावून सांधले गेले. पुढे दात नसलेल्यांच्या झिजल्या जबड्यावरही कमरेचं किंवा बरगडीचं हाड बसवून वर कवळी देऊ लागले. काही वर्षांतच त्यातलं बरंचसं हाड विरून जायचं. एवढं सोसून माणूस पुन्हा होता तिथेच यायचा, याचं मला फार वाईट वाटतं.

वाट सापडली ती भलतीकडेच. 1952 मध्ये स्वीडनच्या लुंडमध्ये पेर-इंगवार ब्रोनेमार्क हे संशोधक सशाच्या पायातल्या हाडाचा रक्तप्रवाह टायटॅनियमच्या नळीतून पाहत होते. काम संपल्यावर नळी निघेना, हाडाने ती धरून ठेवली होती! 1965 मध्ये योस्टा लार्सन या रुग्णाच्या खालच्या जबड्यात त्यांनी टायटॅनियमचे चार स्क्रू, म्हणजेच इम्प्लांट, बसवले. लार्सन 2006 मध्ये वारले, तोवर ते त्यांवर बसवलेल्या दातांनीच जेवत होते.

ब्रोनेमार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मग लावलेलं हाड आणि हे स्क्रू एकत्र वापरले. स्क्रूंमधून ताण पोचला की लावलेलं हाड बरंच टिकतं. आज बहुधा आधी हाड लावतात, ते जुळायला चार-सहा महिने देतात आणि नंतर इम्प्लांट बसवतात. थोडं बरं हाड असेल तर आखूड इम्प्लांटवरही भागतं. मावशीच्या जबड्यात मात्र नुसते स्क्रू घातले तर तो मोडायचीच भीती, म्हणून आधी कमरेचं हाड लावावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले.

तिने एकच विचारलं, "कमरेचं हाड काढल्यावर मला चालता येईल ना रे?" येतं. बहुतेक जण एक-दोन दिवसांत उठून चालतात, पुढे काही आठवडे थोडं लंगडतात.