फ्यूज वाचवतो ती वायर

मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा 45 च्या आसपास गेला की गाडीत एसी, ब्लोअर, रेडिएटरचा फॅन सगळं एकदमच पळत असतं, आणि हे सगळं 12 व्होल्टवर. यातला करंट वाटून द्यायचं काम फ्यूज बॉक्सचं.

बोनेट उघडून बघा. बॅटरीच्या प्लसवरून एक जाड केबल सरळ स्टार्टरला जाते, तिला बहुतेक गाड्यांत फ्यूज नसतो कारण स्टार्टर फिरताना शेकडो अँपिअर ओढतो. दुसरी केबल येते फ्यूज बॉक्समध्ये, आधी नटबोल्टने कसलेल्या मोठ्या मेन फ्यूजमधून (80, 100 अँपिअर, गाडीप्रमाणे कमीजास्त) आणि मग आतल्या धातूच्या पट्टीवर. या पट्टीवर फ्यूज ओळीने बसलेले असतात, प्रत्येकाच्या एका पायाला सारखंच व्होल्टेज आणि दुसऱ्या पायापासून एकेका सर्किटची वायर निघते. बॉक्स कोणाला करंट ढकलत नाही, जो जेवढा ओढेल तेवढा जातो, 60 वॅटचा हेडलाइट बल्ब साधारण 5 अँपिअर घेतो. परत यायला वेगळी वायर बहुतेक नसतेच, गाडीची बॉडीच मायनस. आणि इंजिन चालू झालं की अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरणारा छोटा जनरेटर, 14 व्होल्टच्या आसपास देतो, तोच सगळं चालवतो आणि बॅटरीही चार्ज करतो.

हॅझर्ड आणि आतला दिवा चावी काढली तरी चालतात कारण त्यांच्या पट्टीला सप्लाय कायम असतो, वायपर, ब्लोअर वगैरेंची पट्टी चावी फिरवल्यावर जिवंत होते. फॅनसारख्या मोठ्या लोडला मधे रिले लागतो, म्हणजे थोड्या करंटवर चालणारा मोठा स्विच. रिलेच्या कॉइलला अर्ध्या अँपिअरपेक्षाही कमी पुरतो, ती टक करून कॉन्टॅक्ट जोडते आणि 20-30 अँपिअर तिथून जातात, नाहीतर छोटे स्विच जळूनच गेले असते.

आता मुद्द्याचं. फ्यूज मशीन वाचवायला नसतो, तो वायर वाचवायला असतो! लाल 10, निळा 15, पिवळा 20, हिरवा 30 अँपिअर, हे आकडे त्या वायरला किती झेपतं ते बघून ठरवलेले असतात. रावेर-यावलकडे केळी भरणाऱ्या पिकअपला वरून दोन-चार लाइट, मोठा हॉर्न लावलेला असतो, मग फ्यूज उडायला लागतो आणि कोणीतरी म्हणतंच, "भाऊ, 10 चा टिकत नाही, 30 चा टाकून देऊ का?" कृपा करून नको. करंट तिप्पट झाला की वायरमधली उष्णता नऊपट होते, फ्यूज शांत बसतो आणि डॅशबोर्डच्या मागे वायरचं प्लास्टिक वितळतं. फ्यूजच्या जागी तांब्याची तार घालणं तर आगीला बोलावणंच.

उडालेला फ्यूज उजेडात धरून बघा, बरंच कळतं. आतली जस्ताची पट्टी मधेच स्वच्छ वितळून तुटली असेल तर बहुतेक ओव्हरलोड, आणि प्लास्टिक आतून काळं पडून धातूचे शिंतोडे दिसत असतील तर शॉर्ट, म्हणजे कुठेतरी वायर घासून बॉडीला लागलीय. तेवढ्याच अँपिअरचा नवा टाकून तो लगेच उडाला तर आणखी फ्यूज वाया घालवू नका, आधी ती घासलेली जागा शोधा. आणि जादा लाइट लावायचेच असतील तर वेगळी जाड वायर, रिले आणि स्वतःचा फ्यूज, तोही बॅटरीच्या अगदी जवळ, कारण बॅटरीपासून फ्यूजपर्यंतच्या तुकड्याला कोणीच वाचवत नाही.