ड्रॅगनला नखे किती? एका राजचिन्हाची पार्श्वभूमी

ड्रॅगन पूर्वेकडे शुभ आणि पश्चिमेकडे अशुभ, अशी वाटणी करून बहुतेक लेख मोकळे होतात. पश्चिमेपुरते बोलायचे, तर बायबलच्या शेवटच्या ग्रंथात सात डोकी आणि दहा शिंगांचा ड्रॅगन म्हणजे साक्षात सैतान. पण बॅबिलोनच्या इश्तार वेशीवर मार्दूक देवाचा सर्पमुखी प्राणी रक्षणाला उभा होता. रोमन घोडदळाच्या निशाणावर धातूचे पोकळ ड्रॅगनमुख असे आणि घोडा दौडू लागला की मागची कापडी शेपटी वाऱ्याने फुगे. वेल्सचा लाल ड्रॅगन १९५९ पासून अधिकृत ध्वजावर आहे. म्हणजे सत्तेला तो तिकडेही हवाच होता. चीनमध्ये मात्र ड्रॅगन कोणी वापरायचा या हक्कावरून जेवढा कीस पाडला गेला, तेवढा दुसरीकडे क्वचितच पाडला गेला असेल.

तिथला मूळ ड्रॅगन पाण्याचा. इसवी सन १०० च्या सुमाराच्या एका शब्दकोशात त्याचे वर्णन येते: वसंतात तो आभाळात चढतो, शरदात खोल डोहात उतरतो. त्याहून जुन्या शकुनग्रंथाच्या पहिल्याच प्रकरणात तो आधी पाण्याखाली दडलेला आहे, मग शेतात दिसतो, मग आकाशात उडतो आणि फार उंच गेला की पस्तावतो. साधकाला आणि राज्यकर्त्याला एकाच वेळी दिलेली ही समज आहे. गावोगावच्या देवळांतला ड्रॅगनराजा पावसाचा मालक. पाऊस लांबला की लोक त्याची मूर्ती उचलून भर उन्हात आणून ठेवत, म्हणजे त्यालाही चटका कळावा! माझ्या मते या दैवताचे खरे धार्मिक आयुष्य या देवळांत गेले, दरबारात नव्हे. लिहून मात्र दरबाराचेच राहिले.

दरबाराने केलेली मोठी उठाठेव म्हणजे नखांचा नियम. ड्रॅगनची नक्षी सगळेच वापरू लागल्यावर युआन राजवटीने १३१४ मध्ये पोशाखाचे नियम काढले आणि बंदी घालताना व्याख्याही दिली: ड्रॅगन म्हणजे ज्याला पाच नखे आणि दोन शिंगे आहेत तो. पळवाट यातच होती. चार नखांचा प्राणी काढला, की तो कायद्याने ड्रॅगन ठरत नाही. मिंग काळात या चार नखांच्या प्राण्याला ‘मांग’, म्हणजे अजगर, असे वेगळे नाव रूढ झाले आणि मांगाचा झगा ही बादशहाची खास बक्षिसी बनली. बक्षीस मिळालेल्यांचे पाहून बाकीच्यांनीही शिवून घेतले असणार, कारण १४५८ मध्ये मांगावरही बंदी आली.

चिंग राजवटीने गुंता आणखी वाढवला. सुरुवातीचा एक नियम असा होता, की बादशहाने पाच नखांचे रेशीम भेट दिले तर अधिकाऱ्याने ते अंगावर घालण्यापूर्वी एक नख उसवून काढावे. राजाची भेट घरी न्यायची, दिवा लावून बसायचे आणि प्रत्येक पंजातल्या पाचव्या नखाचा धागान् धागा सुईने उपसायचा. १७५९ च्या सचित्र नियमग्रंथात तर राजपुत्रांच्या झग्यावर पाच नखांचा प्राणी असूनही कागदोपत्री तो मांगच आहे. हुबेहूब तोच प्राणी बादशहाच्या अंगावर ड्रॅगन होतो. खालच्या पायरीच्या सरदारांना चार नखे, पण पूर्वी कधी पाच नखांचे कापड बक्षीस मिळाले असेल तर तेही चालेल. थोडक्यात, प्राणी कोणता हे नखे मोजून ठरत नव्हते, झगा कोणाचा यावरून ठरत होते. म्हणून आजही नुसती नखे मोजून जुन्या कपड्याचा मालक सांगणाऱ्यांवर फार विसंबू नये. शेजारच्या कोरियाने तर सोलच्या राजवाड्यात, सिंहासनाच्या दालनाच्या छतावर, सात नखांचे ड्रॅगन बसवले.

एकोणिसाव्या शतकात हे राजचिन्ह देशाच्या नावाने वापरात आले, तेही काहीसे नाइलाजाने. परदेशी जहाजांच्या गर्दीत आपली सरकारी जहाजे ओळखू यावीत म्हणून १८६२ मध्ये पिवळा त्रिकोणी ड्रॅगनध्वज आला आणि १८८९ मध्ये तो आयताकृती झाला. मधल्या काळात, १८७८ मध्ये, देशाच्या पहिल्या टपाल तिकिटांवरही ड्रॅगनच छापला गेला. १९१२ मध्ये बादशाही गेली, ध्वजही गेला. तरी पुढच्याच वर्षी प्रजासत्ताकाच्या बोधचिन्हात ड्रॅगन मागच्या दाराने परतला आणि १९२८ पर्यंत टिकला.

आज सर्रास ऐकू येणारी कथा, अनेक टोळ्यांची कुलचिन्हे एकत्र येऊन ड्रॅगन बनला ही, १९४० च्या दशकात, जपानशी युद्ध चालू असताना एका कवी-अभ्यासकाने मांडली. एकजुटीची गरज असताना ती लोकांना पटली यात नवल नाही. पुरावा मात्र तोकडाच आहे. पुढे १९७१ मध्ये चीनच्याच इनर मंगोलिया भागात जेडचा २६ सेंटिमीटर उंचीचा ड्रॅगन सापडला. त्याला पायच नाहीत, मग नखे कुठली? १९८७ मध्ये हेनान प्रांतातल्या एका थडग्यात शिंपल्यांनी रचलेला पावणेदोन मीटरहून थोडा लांब ड्रॅगन मिळाला, सुमारे सहा हजार वर्षांपूर्वीचा. या शोधांनंतरही कुलचिन्हांची कथा मागे पडली नाही. ‘आपण ड्रॅगनचे वारस’ ही भावना तर १९७८ मध्ये तैवानातल्या एका विद्यार्थ्याने लिहिलेल्या गाण्यातून घरोघरी पोचली.

२००५ च्या नोव्हेंबरात बीजिंग ऑलिम्पिकचे पाच शुभंकर जाहीर झाले, तेव्हा त्यांत मासा, पांडा, ज्योत, तिबेटी हरीण आणि पाकोळी होती; ड्रॅगन नव्हता. परदेशात तो आक्रमक वाटतो, हे कारण तेव्हा पुढे आले. पुढच्या वर्षी शांघायमधल्या एका प्राध्यापकाने राष्ट्रीय प्रतीक म्हणून ड्रॅगनऐवजी दुसरे काही शोधावे असा विचार मांडला आणि त्यांच्यावर टीकेची झोड उठली. मग जानेवारी २०१२ मध्ये टपाल खात्याने ड्रॅगनवर्षाचे तिकीट काढले: समोरून वटारलेले डोळे, उघडा जबडा, पंजे पसरलेले. या वेळी तक्रार देशातूनच आली, की हा फार उग्र आहे. चित्रकाराने चिंगकालीन झग्यांवरच्या आणि राजवाड्यातल्या ड्रॅगनांचा दाखला दिला. तिकीट मागे घेतले गेले नाही.