व्हिडिओ पोकरचं मशीन कॅसिनोवाला बदलू शकतो का?

आमच्या गोवा आणि अमेरिका सहलींच्या प्रवाशांसाठी माहितीपत्रक

भुसावळहून गोवा एक्सप्रेसने निघणारा मित्रांचा गट असो, की मुलाकडे अमेरिकेला जाताना लास वेगासला दोन रात्री थांबणारं जोडपं असो, बुकिंगच्या वेळी एक प्रश्न हमखास येतो: "भाऊ, ते पत्त्यांचं मशीन सेट करेल राहतं का?" हे मशीन म्हणजे व्हिडिओ पोकर: पडद्यावर पाच पत्ते येतात, चांगला हात जमला की बक्षीस. आखाजीला पत्ते खेळत मोठे झालेले लोक आपण. पिसणाऱ्याच्या हातावर नजर ठेवायची आपल्याला सवय. मशीनमध्ये पिसणारा दिसत नाही, म्हणून शंका येणं रास्तच आहे. काउंटरवर घाईत याचं उत्तर अर्धवट राहतं आणि अर्धवट माहितीवर माणूस पैसे लावतो. ते आम्हाला नको आहे, म्हणून हे पत्रक.

लास वेगास ज्या नेवाडा राज्यात आहे, तिथल्या कॅसिनोला पत्त्यांना हात लावता येत नाही. बक्षिसाचा दर मात्र तो ठरवतो, आणि तो दर पडद्यावर सगळ्यांसमोर लिहिलेला असतो. लोक लपवलेल्या बटणाचा शोध घेतात आणि समोर लिहिलेलं वाचत नाहीत, हे आमचं अनेक सहलींमधलं निरीक्षण.

पत्त्यांचं आधी सांगतो. नेवाडाचा नियम असा की मशीनवर खऱ्या पत्त्यांचा खेळ दाखवला असेल, तर प्रत्येक पत्ता येण्याची शक्यता खऱ्या कॅटइतकीच असली पाहिजे. म्हणजे ५२ पत्ते, त्यातून पाच येणार, हवे ते तुम्ही 'होल्ड' करणार आणि टाकलेल्यांच्या जागी उरलेल्या ४७ मधून नवे येणार. ५२ पत्त्यांतून पाच-पाचचे २५,९८,९६० वेगवेगळे हात होतात, त्यात रॉयल फ्लशचे (एकाच प्रकारचे, म्हणजे सगळे बदाम किंवा सगळे इस्पिक असे, एक्का, राजा, राणी, गुलाम, दश्शी) फक्त चार. हा हिशोब कोणत्याही मॅनेजरला बदलता येत नाही. चित्रांच्या स्लॉट मशीनचं तसं नाही. तिथे कोणतं चित्र किती वेळा यायचं ते आतल्या प्रोग्रॅममध्ये ठरतं आणि बाहेरून दिसत नाही, त्यामुळे शेजारशेजारची दोन सारखी दिसणारी स्लॉट मशीन वेगवेगळा परतावा देऊ शकतात.

मशीन मध्यवर्ती संगणकाला जोडलेलं असेल तर त्यातला खेळ किंवा दर दुरून बदलता येतो, हे खरं आहे. पण नेवाडात तुम्ही खेळत बसलेले असताना तसं करता येत नाही. आधी मशीन किमान चार मिनिटं रिकामं असावं लागतं, आणि बदल झाल्यावर पडद्यावर सूचना देऊन आणखी चार मिनिटं ते बंद ठेवावं लागतं. तेव्हा "मी जिंकायला लागलो आणि वरून कोणीतरी बटण दाबलं" ही समजूत मनातून काढा. मशीन तापत नाही, थंडही होत नाही. मागचा हात काय आला हे त्याला आठवत नाही, आणि कॅसिनोचं सभासद कार्ड आत घातलं म्हणून पत्ते वाईट येत नाहीत.

दर कुठे बदलतो?

सगळ्यात साधा खेळ 'जॅक्स ऑर बेटर'. गुलामाची किंवा त्याहून मोठी जोडी आली की लावलेले पैसे परत, त्यापुढे चढत्या क्रमाने बक्षिसं. पडद्यावरच्या तक्त्यात फक्त दोन ओळी बघा: फुल हाउस (तीन सारखे आणि एक जोडी) आणि फ्लश (पाचही पत्ते एकाच प्रकारचे, आपला कलर). एका नाण्याला फुल हाउसचे ९ आणि फ्लशचे ६ लिहिले असतील, तर अचूक खेळणाऱ्याला दीर्घकाळात १०० मागे ९९.५४ परत येतात. तिथे ८ आणि ५ लिहिले असतील तर ९७.३०. आणि ६ आणि ५ असतील तर ९५. पत्ते तिन्हीकडे तेच. रावेरच्या केळीसारखं हे: घड तोच, वजन तेच, व्यापाऱ्याने भाव पाडला की हातात येणारा पैसा कमी.

एका आकड्याने एवढा फरक का पडतो? फुल हाउस साधारण दर ८७ हातांत एकदा येतो, फ्लश ९१ हातांत एकदा. म्हणजे यातलं कोणतंही बक्षीस एका नाण्याने कमी केलं की परतावा सुमारे १.१ टक्क्याने घटतो. पाव डॉलरची पाच नाणी, म्हणजे एका हाताला सव्वा डॉलर, आणि तासाला ५०० हात खेळलात (सवय झालेला माणूस सहज खेळतो) तर ६२५ डॉलर मशीनमधून फिरले. ९-६ च्या मशीनवर त्यात सरासरी तीन डॉलर जातील, ८-५ वर सतरा, ६-५ वर एकतीस. खुर्ची तीच, आवाज तेच, पत्ते तेच. हा फरक एकाच मशीनमध्येही असतो: पाव डॉलरच्या खेळाला एक तक्ता आणि एक डॉलरच्या खेळाला दुसरा. पडद्यावर खेळ किंवा नाणं बदललं की तक्ता पुन्हा वाचा.

आता सर्वात वरची ओळ. रॉयल फ्लशला एक ते चार नाणी लावली तर प्रत्येक नाण्याला २५०, पण पाच लावली की एकदम ४,०००, म्हणजे नाण्याला ८००. त्यामुळे एकेक नाणं लावणाऱ्याचा परतावा एक टक्क्याहून जास्त घसरतो. पाच नाणी झेपत नसतील तर कमी किमतीच्या नाण्याचं मशीन घ्यावं. चांगलं खेळून रॉयल फ्लश सरासरी सुमारे ४०,००० हातांत एकदा येतो. वरच्या वेगाने ते ८० तास झाले, आणि तेवढं खेळूनही दर शंभरातल्या सदतीस जणांना तो एकदाही दिसणार नाही. दोन रात्रींच्या मुक्कामात तो आला नाही म्हणून मशीन खोटं ठरत नाही.

परतावा खेळणाऱ्याच्या हातूनही कमी होतो. तीन पत्तीत सिक्वेन्स कलरपेक्षा मोठा. इथे उलट आहे, पाच पत्त्यांचा फ्लश सिक्वेन्सच्या वर. तसंच चौव्वीची जोडी आणि एक एक्का हातात असला की आपला माणूस एक्का धरतो. इथे जोडी धरायची.

मग फसवणूक कधी झालीच नाही का? झाली आहे. १९८९ साली लास वेगासच्या अमेरिकन कॉइन या मशीन पुरवणाऱ्या कंपनीचं बिंग फुटलं. मोठं बक्षीस लागूच नये अशी सोय तिच्या व्हिडिओ पोकरच्या प्रोग्रॅममध्ये केलेली होती. कंपनीचा परवाना गेला. पुढे १९९५ मध्ये मशीन तपासणाऱ्या सरकारी मंडळाचाच अभियंता, रॉन हॅरिस, मशीनमध्ये फेरफार केल्याबद्दल पकडला गेला. म्हणजे तांत्रिकदृष्ट्या मशीन बिघडवता येतं. खेळणाऱ्याला वाचवतो तो नियम आणि नियम बघणारा माणूस. जिथे तपासणारा नाही, तिथे तक्ता कितीही चांगला असला तरी त्याला किंमत नाही.

नेवाडाबाहेर जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. अमेरिकेत आदिवासी जमातींच्या मालकीचे कॅसिनो आहेत. त्यातल्या काही मशीनवर पत्ते फक्त दाखवण्यापुरते असतात. निकाल आतल्या बिंगोच्या (आपल्या हाउजीसारख्या आकड्यांच्या) खेळाने लागतो. ओळखायची खूण: पडद्याच्या कोपऱ्यात आकड्यांचं छोटं बिंगो कार्ड. ते दिसलं तर ५२ पत्त्यांचा वरचा हिशोब तिथे लागू नाही.

गोव्यात १९७६ च्या जुगारबंदी कायद्यात १९९२ साली दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत अशा मशीनना परवानगी मिळाली, नंतर मांडवीतल्या जहाजांवरच्या कॅसिनोंना. नेवाडाचा नियम नेवाडापुरता. जहाजावर तो गृहीत धरू नका.

आणि आपल्या गावातलं? महाराष्ट्राचा १९७६ चा कॅसिनो कायदा कधी अमलात आलाच नाही, २०२३ मध्ये तो रद्दही झाला. जळगाव, धुळे, नंदुरबार, कुठेही परवान्याचा कॅसिनो नाही. म्हणून एखाद्या पार्लरच्या मागच्या खोलीत पैशावर चालणारं मशीन असेल, तर ते बेकायदा आहेच, शिवाय त्याला कोणीही तपासलेलं नाही. मोबाइलवरच्या पैशांच्या खेळांवर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे. तरुण मुलं यात कापसाचे, केळीचे पैसे घालवताना आम्ही बघतो, म्हणून इतकं स्पष्ट लिहिलं.

सहलीला येणाऱ्यांसाठी: लास वेगासला २१ वर्षांखालच्यांना खेळता येत नाही आणि मशीनजवळ रेंगाळताही येत नाही, तेव्हा नातवंडांना घेऊन तिथे उभे राहू नका. मोठं बक्षीस लागल्यास पासपोर्ट मागतात आणि परदेशी पाहुण्याचा ३० टक्के कर कापून घेतात. कॅसिनोचा प्रवेश किंवा खेळाचे पैसे आमच्या सहल खर्चात धरलेले नाहीत. ९-६ आणि ६-५ अशा दोन्ही तक्त्यांचे मोठे छापील नमुने कार्यालयात ठेवले आहेत. बुकिंगला याल तेव्हा मागून घ्या, शेजारशेजार ठेवून दाखवू.