डेस्कटॉप रिकामा दिसला, तरी जुने अकाउंट डिलीट करू नका

विंडोज १० किंवा ११ असलेला संगणक पासवर्ड स्वीकारतो, पण आत गेल्यावर डेस्कटॉपवरचे फोल्डर, बुकमार्क, नेहमीचा वॉलपेपर यांपैकी काहीच दिसत नाही, ही तक्रार घेऊन अनेक ग्राहक, विशेषतः पावसाळ्यात वीज वारंवार जाऊ लागली की, आमच्याकडे येतात. अशा वेळी फाइली बहुधा जागच्या जागी असतात; बिघडलेले असते ते यूजर प्रोफाइल, म्हणजे त्या व्यक्तीचे फोल्डर आणि सेटिंग्ज यांची विंडोजने ठेवलेली मांडणी.

प्रत्येक यूजरच्या फोल्डरमध्ये 'एनटीयूजर.डॅट' नावाची लपवलेली फाइल असते. तिच्यात त्या व्यक्तीच्या सेटिंग्ज असतात आणि साइन-इन करताना विंडोज ती उघडते. अचानक वीज गेल्यामुळे, अपडेट सुरू असताना पॉवरचे बटण दाबून धरल्यामुळे किंवा डिस्क खराब होऊ लागल्यामुळे ही फाइल वाचता आली नाही, तर विंडोज अनेकदा तात्पुरते प्रोफाइल तयार करून आपल्याला आत घेते. सी ड्राइव्हमधील 'यूजर्स' फोल्डर उघडल्यास तेथे 'टेम्प' नावाचे फोल्डर आणि जवळच आपले जुने फोल्डर दिसते. संगणक एक-दोनदा रीस्टार्ट करून पाहण्यास हरकत नाही; मात्र तात्पुरत्या प्रोफाइलमध्ये काहीही सेव्ह करू नये, कारण साइन-आउट करताच ते पुसले जाते.

खरे नुकसान होते ते यानंतर. एखादा व्हिडिओ पाहून ग्राहक दुसऱ्या अकाउंटमधून जुने अकाउंट काढायला जातात, 'डिलीट अकाउंट अँड डेटा' हे बटण समोर येते आणि नाहीतरी अकाउंट नव्यानेच करायचे आहे, या समजुतीने ते दाबले जाते. त्याबरोबर डॉक्युमेंट्स, पिक्चर्स आणि डेस्कटॉपवरील सर्व फाइली रीसायकल बिनमध्ये न जाता थेट नाहीशा होतात. जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कवरून त्यांतील काही परत मिळण्याची आशा असते. एसएसडीवर, म्हणजे चिपवर माहिती साठवणाऱ्या नव्या प्रकारच्या डिस्कवर, मोकळी झालेली जागा लवकरच आतून साफ केली जात असल्याने तेथे बहुतेक वेळा आमचाही इलाज चालत नाही.

दहा मिनिटांत रजिस्ट्री (विंडोज आपल्या सेटिंग्ज जिथे नोंदवते ती यादी) दुरुस्त होत असताना आम्ही संगणक दोन दिवस का ठेवून घेतो, असे विचारले जाते. रजिस्ट्रीतील प्रोफाइलच्या यादीत जुन्या प्रोफाइलच्या नोंदीच्या शेवटी '.बॅक' लागलेले असते; ती नोंद पूर्ववत केल्याने कधी कधी काम होते, हे खरे आहे. पण मूळ फाइल किंवा डिस्कच खराब असेल, तर तोच बिघाड पुन्हा उद्भवतो. म्हणून आम्ही आधी संपूर्ण डिस्कची प्रत वेगळ्या ड्राइव्हवर घेतो, डिस्क तपासतो आणि गरज असल्यास नवे अकाउंट करून त्यात फाइली हलवतो. 'एनटीयूजर'च्या फाइली मात्र मुद्दाम मागे ठेवतो, कारण त्यांच्याबरोबर बिघाडही नव्या अकाउंटमध्ये येतो. सर्वाधिक वेळ जातो तो लपवलेल्या 'ॲपडेटा' फोल्डरमधून बुकमार्क आणि मेलच्या सेटिंग्ज निवडून काढण्यात. सरसकट फॉरमॅट मारणे आम्हाला सोपे पडेल, परंतु आपली वर्षानुवर्षांची मांडणी त्यात जाते.

संगणक आणताना पासवर्ड आणि लॅपटॉप असल्यास चार्जर सोबत असावा. नव्या लॅपटॉपची डिस्क अनेकदा एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे सांकेतिक रूपात कुलूपबंद असते, त्यामुळे ती उघडण्यासाठी ४८ अंकी रिकव्हरी की लागू शकते. ती बहुधा लॅपटॉप प्रथम सुरू करताना वापरलेल्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सापडते. दुरुस्तीच्या वेळीच बाहेरील डिस्कवर आपोआप बॅकअप होण्याची सोय आणि डेस्कटॉप संगणकासाठी यूपीएस बसवून हवा असल्यास तसे आधी सांगावे, म्हणजे दोन्हींचा खर्च काम सुरू करण्यापूर्वी कळवता येईल.