मेनफ्रेमवर भाषांची सरमिसळ: पार्श्वभूमी

एका भाषेतल्या प्रोग्रॅमने दुसऱ्या भाषेतल्याला कॉल करताना पॅरामीटर (त्याला द्यायची माहिती) कसे पोचवायचे, हे आयबीएमच्या सिस्टिम/३६० या मेनफ्रेमवर १९६० च्या दशकातच ठरून गेले होते. रजिस्टर (प्रोसेसरमधली छोटी, जलद जागा) १ मध्ये पॅरामीटरच्या पत्त्यांच्या यादीचा पत्ता, १३ मध्ये रजिस्टर जपून ठेवायच्या ७२ बाइटच्या सेव्ह एरियाचा, १४ मध्ये परतीचा, १५ मध्ये जायच्या ठिकाणाचा. परतताना त्याच १५ मध्ये रिटर्न कोड, म्हणजे काम कसे झाले ते सांगणारा आकडा. पत्ते २४ बिटांचे, म्हणून यादीतल्या शेवटच्या पत्त्याचा सर्वांत वरचा बिट चालू करून यादी संपल्याची खूण करता येई. कंपाइल केलेले तुकडे जोडणाऱ्या लिंकेज एडिटरला मॉड्यूल कोबोलचे की फोरट्रानचे, याचे काही पडलेले नव्हते.

बारीकसारीक अडचणी होत्याच. फोरट्रान अ‍ॅरे उभा (स्तंभानुसार) भरते, बाकीच्या भाषा आडवा (ओळीनुसार), म्हणून इंडेक्स उलटे लिहावे लागत. पीएलवन (PL/I) ही भाषा स्ट्रिंगऐवजी तिच्या डिस्क्रिप्टरचा, म्हणजे तिचे वर्णन करणाऱ्या नोंदीचा, पत्ता देई. समोर कोबोल असेल तर तसे डिक्लेरेशनमध्ये सांगावे लागे. एकदा समजले की लोक हे हात न थांबवता लिहीत.

खरा गुंता वेगळाच होता: प्रोग्रॅम कोसळला तर आवरायचे कोणी? प्रत्येक भाषेचे रनटाइम (प्रोग्रॅम चालताना त्याला आधार देणारा कोड) वेगळे. पीएलवन आणि फोरट्रानचे रनटाइम इंटरप्ट (चूक झाल्याचा हार्डवेअरचा इशारा) स्वतः पकडत. कोबोल बहुधा सिस्टिमवर सोडून देई. पीएलवनने कोबोलला कॉल केले असेल, तर तिथला इंटरप्ट आपण हाताळायचा की नाही, यासाठी पीएलवनमध्ये 'इंटर' नावाचा खास पर्याय ठेवावा लागला, यातच सगळे आले.

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला सर्व भाषांसाठी एकच रनटाइम आले, लँग्वेज एन्व्हायर्नमेंट. कल्पना योग्यच होती. पण त्यातल्या 'एबीटर्मएन्क' या पर्यायाचा डिफॉल्ट सुरुवातीला 'रेटकोड' ठेवला गेला. म्हणजे न हाताळलेल्या गंभीर चुकीनंतर स्टेप (जॉबमधला एक टप्पा) अबेंड न होता, म्हणजे कोसळल्याची नोंद न होता, रिटर्न कोड ३००० देऊन संपे.

ऐकायला सभ्य वाटते. प्रत्यक्षात काय होई ते पाहा. अंकांच्या फील्डमध्ये स्पेस आल्या, बेरीज करताना ओसी-सेव्हन, म्हणजे अंकाच्या जागी अंक नसल्याची चूक. पूर्वी स्टेप अबेंड होई आणि पुढची, 'कंड=ओन्ली' लावलेली, फाइल पूर्ववत करणारी स्टेप सुरू होई. ती स्टेप फक्त अबेंड झाला तरच चालते. रिटर्न कोड ३००० असो की ४, तिच्या दृष्टीने अबेंड झालेलाच नाही. फाइल अर्धवट, आणि पूर्ववत करणारी स्टेप मात्र वगळलेली. चूक पकडायची नवी सोय करताना चुकीची बातमी ज्यांना हवी होती, त्यांच्यापासूनच ती लपवली गेली. बचावाचा युक्तिवाद असा की, कॉल करणाऱ्या प्रोग्रॅमला कोड तपासून सावरता यावे. सी लिहिणाऱ्यांना तो पटेल. रात्रीच्या बॅचवर (एकामागून एक आपोआप चालणाऱ्या जॉबवर) बसलेल्यांना पटला नाही, आणि माझ्या मते तेच बरोबर होते. पुढे डिफॉल्ट बदलून 'अबेंड' करण्यात आला. दरम्यान ठिकठिकाणी तो हातानेच बदलून घेतला जात होता.

असेंब्लरवाल्यांची तक्रार दुसरीच. रजिस्टर १२ बेस (पत्ते मोजायचा आधार) म्हणून वापरायची कित्येकांची सवय. नव्या रनटाइमला तिथे स्वतःच्या कंट्रोल ब्लॉकचा पत्ता हवा. पीएलवनमध्ये १२ आधीपासूनच राखीव होते, म्हणून त्या गोटात कोणी हूं की चूं केले नाही.

जुने कोबोल नव्या रनटाइमवर आणण्याचे बरेचसे काम वायटूकेच्या (दोन अंकी सालांमुळे २००० साली येऊ घातलेल्या अडचणीच्या) लाटेत झाले, आणि मुंबई-पुण्यातल्या अनेकांची मेनफ्रेमशी पहिली ओळख त्याच सुमारास झाली.

नंतर सी आणि सीप्लसप्लससाठी एक्सपीलिंक ही कॉल करायची नवी पद्धत आली. तिथे पहिले तीन पूर्णांक पॅरामीटर थेट रजिस्टर १, २, ३ मध्ये जातात, स्टॅकचा पत्ता ४ मध्ये असतो आणि परतीचा ७ मध्ये. जुन्या पद्धतीच्या सबरूटीनला तिथून कॉल करायचे, तर मध्ये भाषांतर करणारा कोड लागतो. तो रनटाइमच पुरवते, पण दर कॉलला त्याचा वेळ मोजावा लागतो. कोबोलला ६४ बिटांचा कंपाइलर मिळायला २०१९ साल उजाडले.